अर्धशिशीसाठी फिटची गोळी की डिप्रेशनची? टोपिरामेट आणि अमिट्रिप्टिलीन, कोणाचा काय अनुभव?

रानजाई:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. वय ३४, नाशिकला ज्युनियर कॉलेजमधे शिकवते. डोकेदुखी फार जुनी आहे, आमच्या माहेरी तिला कायम पित्तच म्हणायचे, कारण दुखायला लागलं की मळमळतं आणि एकदा ओकारी निघाली की जरा हलकं वाटतं. डावा डोळा आणि त्याच्या वरची शीर ठणठणते, उजेड नको, आवाज नको, शेजारच्या कुकरची शिट्टी सुद्धा डोक्यात घुसते. आधी महिन्यातनं एखाद वेळा असायचं, मुलगी झाली त्यानंतर वाढत गेलं आणि आता महिन्यातले आठ-दहा दिवस त्यातच जातात. पेनकिलर पर्समधे असतेच, वर्गावर जायचं असेल तर दुखायच्या आधीच घेऊन टाकते.

आमच्या नेहमीच्या फिजिशियननी रात्री अमिट्रिप्टिलीन १० एमजी लिहून दिली. ती सुरू करायच्या आतच जाऊबाईंच्या ओळखीने न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली, त्यांनी एमआरआय नॉर्मल आहे म्हणून सांगितलं आणि टोपिरामेट २५ एमजी दिली, हळूहळू वाढवायची. आता दोन्ही स्ट्रिपा फ्रीजवर पडल्यात आणि मी एकही सुरू केली नाहीये. नेटवर बघितलं तर एक फिटची गोळी आणि दुसरी डिप्रेशनची!! मला ना आकडी येते ना मी डिप्रेशनमधे आहे, मग मायग्रेनची अशी स्वतःची गोळीच नाही का? त्यात सासूबाईंनी फिट हा शब्द ऐकला आणि घरात वातावरण गरम, लग्न ठरवताना बोलला नाहीत ते इथपर्यंत गाडी गेली. नवरा म्हणतो कुठलीही एक घे पण घे.

तर ज्यांनी घेतल्यात त्यांनी सांगा, दोन्हीत जास्त गुण कशाला? वजन आधीच ७६ आहे त्यामुळे वाढायला नको, सकाळी सव्वासातचं लेक्चर असतं त्यामुळे गुंगी नको. बीपी, शुगर, थायरॉईड काही नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या चान्सचा विचार चाललाय पण तो नंतरचा विषय.

बग_आणि_बाकरवडी:
टोपिरामेटवाला हजर आहे. पुण्यात आयटीत, दिवसभर स्क्रीन, मायग्रेन विथ ऑरा म्हणजे आधी डोळ्यासमोर वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा आणि मग दुखणं. मला पण २५ ने सुरू करून दर आठवड्याला वाढवत सकाळी ५० आणि रात्री ५० वर नेलं.

गुण आला, खोटं कशाला बोलू, तिसऱ्या महिन्यापासून अटॅक निम्म्याहून कमी झाले आणि जे येतात ते पण झोप काढली की जातात. पण पहिला दीड महिना विचित्र गेला. बोटांच्या टोकांना आणि ओठांना मुंग्या, मला वाटलं मानेत नस दबली, ऑर्थोकडे जाणार होतो तेवढ्यात न्यूरोवाल्या मॅडम म्हणाल्या गोळीमुळे आहे, कमी होईल, आणि झालं. दुसरं म्हणजे सोडा आणि कोल्ड्रिंकला चवच राहिली नाही, बाटली आत्ता फोडलेली असली तरी पाणचट लागते, बिअरचं तर विचारूच नका. वजन मात्र काही न करता उतरलं, बायकोला त्याचाच राग जास्त.

पण तुम्ही शिकवता म्हणून मुद्दाम लिहितो. शब्द सापडत नाहीत. मीटिंगमधे बोलता बोलता एकदम साधा शब्द गायब, मी घरी "ते आण ना, ते... ज्याने चहा गाळतात ते" असं म्हणायला लागलो होतो. डोस हळू वाढवला तेव्हा सुधारलं, तरी अधूनमधून होतंच. नेटवर परदेशातले पेशंट या गोळीला डोपामॅक्स म्हणतात, डोप म्हणजे मठ्ठ, टोपामॅक्स या परदेशातल्या ब्रँडच्या नावावरची कोटी आहे. सगळ्यांना होत नाही पण वर्गात साठ पोरांसमोर झालं तर पंचाईत.

वऱ्हाडी_ठसका:
मी नागपूरची, माह्याकडे उलटी गंमत आहे. मले दोनदा मुतखडा होऊन गेला म्हणून डॉक्टर म्हणले टोपिरामेट तुमच्यासाठी नाहीच, त्याने खडे होऊ शकतात, आणि घाम कमी येतो म्हणून आमच्या इकडच्या उन्हात तर लईच जपावं लागते. मग अमिट्रिप्टिलीन १० दिली, नंतर २५.

चांगली बाजू सांगते आधी. मले रात्र रात्र झोप नव्हती, डोकं दुखते म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून डोकं दुखते असं चाललं होतं, ते चक्र तुटलं. मान आणि खांदे दगडावानी कडक राहत, ते पण सैल झाले. वाईट बाजू अशी का तोंड कोरडं पडते, रात्री उशाशी पाण्याची बाटली लागतेच, पोट साफ होत नाही (इसबगोल झिंदाबाद), आणि भूक लागते हो, रात्री साडेदहाला चिवड्याचा डबा उघडून उभी राहायची मी. कपडे घट्ट झाले. तुम्हाले वजनाचं टेन्शन असेल तर हे आधीच माहीत पाहिजे.

सकाळच्या गुंगीचं म्हणाल तर मी झोपताना साडेअकराला घेत होती तेव्हा सकाळी आठपर्यंत डोळे उघडत नव्हते. डॉक्टरांनी वेळ बदलून संध्याकाळी आठची केली, जेवण झालं की घ्यायची, मग सकाळ बरी जायला लागली. सव्वासातच्या लेक्चरसाठी हा फरक मोठा आहे पा.

सुंठवडा:
एवढ्या कडक गोळ्या कशाला? मुळात हे पित्त आहे. सकाळी रिकाम्या पोटी मोरावळा, कपाळाला सुंठ उगाळून लेप, चहा बंद, पंधरा दिवसांत फरक दिसेल. इंग्रजी औषधं नुसती दाबून ठेवतात.

बग_आणि_बाकरवडी:
@सुंठवडा काका मोरावळा मी पण खातो, चांगला लागतो. पण मळमळ आणि ओकारी ही मायग्रेनचीच लक्षणं आहेत, पोट हा मागून येणारा भाग आहे. आमच्याकडे पित्त समजून आईने आयुष्यभर ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. एक मात्र खरं, उपवासाचं माझं ऐका, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिलं की माझा अटॅक ठरलेला.

स्टेथो_सांगली:
मी फिजिशियन आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, आणि ताईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे प्रिस्क्रिप्शन समजू नका. पण सगळा धागा वाचल्यावर मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं जे ताईंनी शेवटी "नंतरचा विषय" म्हणून टाकून दिलंय. दुसरा चान्स. तो नंतरचा नाही, तो पहिला विषय आहे, आणि मला दाट शंका आहे की दोन्ही डॉक्टरांपैकी एकालाही तुम्ही हे सांगितलेलं नाही.

टोपिरामेट गरोदरपणात घेतली तर बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेला असण्याचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०११ मधेच तशी वॉर्निंग दिली होती. बाळाचं वजन कमी भरू शकतं आणि पुढे मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो का याबद्दलही काळजी आहे. युरोपमधे मायग्रेनसाठी असेल तर गरोदरपणात ही गोळी द्यायचीच नाही, आणि मूल होऊ शकेल अशा बाईला द्यायची तर भरवशाचं गर्भनिरोधक चालू पाहिजे, हा नियम आधीपासूनच होता, २०२३ मधे नियम आणखी कडक झाले. त्यातही मेख अशी की मोठ्या डोसला ही गोळी गर्भनिरोधक गोळ्यांचाच असर कमी करते. आणि ओठ-टाळू तयार होतात पहिल्या दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, मग गोळी बंद करू म्हणेपर्यंत निम्मं काम होऊन गेलेलं असतं. अमिट्रिप्टिलीन एकदम निर्धोक आहे असं नाही, पण तिचा गरोदर बायकांमधला अनुभव कितीतरी जुना आहे आणि गरज पडली तर कमी डोसमधे स्त्रीरोगतज्ञांशी बोलून चालू ठेवता येते. त्यामुळे न्यूरोलॉजिस्टना एक फोन करा, दुसऱ्या बाळाचा विचार आहे एवढंच वाक्य सांगा, बहुतेक ते स्वतःच प्लॅन बदलतील.

आता जास्त गुण कशाला. २००९ मधे अमेरिकेत ३३१ मोठ्या माणसांवर या दोन गोळ्या समोरासमोर ठेवून २६ आठवड्यांचा अभ्यास झाला. अटॅक कमी करण्यात दोघी जवळजवळ सारख्याच निघाल्या. फरक पडला तो वजनात, टोपिरामेटवाल्यांचं सरासरी २.४ किलो उतरलं आणि अमिट्रिप्टिलीनवाल्यांचं बरोबर तेवढंच वाढलं. म्हणून आम्ही गोळी निवडताना मायग्रेन बाजूला ठेवतो आणि बाकीचा माणूस बघतो. झोप नाही, मान आखडते, त्यात टेन्शनची डोकेदुखी मिसळली आहे, तर अमिट्रिप्टिलीन. वजन जास्त आहे किंवा सोबत खरोखर फिट येतात, तर टोपिरामेट. मुतखडा असेल तर टोपिरामेट नको. हार्टचा त्रास, लघवी अडकणं, एका प्रकारचा काचबिंदू असेल तर अमिट्रिप्टिलीन नको, आणि वय जास्त असेल तर आधी ईसीजी. टोपिरामेटने सुद्धा क्वचित पहिल्या महिन्यात अचानक डोळा दुखून धूसर दिसायला लागतं, तेव्हा वाट न बघता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि दुसरीकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं.

मायग्रेनसाठी फिटची किंवा डिप्रेशनची गोळी का, हा प्रश्न मला आवडला. टोपिरामेट तर मुळात फिटसाठी पण शोधली नव्हती. १९७९ मधे अमेरिकेत ब्रूस मेरियानॉफ आणि त्यांचे सहकारी रक्तातली साखर कमी करणारं औषध शोधत होते, फळातल्या साखरेपासून म्हणजे फ्रुक्टोजपासून हा पदार्थ बनवला, साखरेला काही उपयोग झाला नाही पण प्राण्यांमधे फिट थांबल्या. १९९६ मधे अमेरिकेत फिटसाठी मान्यता आणि २००४ मधे मायग्रेनसाठी. फिट आणि मायग्रेन दोन्हीत मेंदूच्या पेशी पटकन उत्तेजित होतात, ती उत्तेजना ही गोळी खाली आणते. शिवाय शरीरातलं एक एन्झाइम ती अडवते, मुंग्या येतात त्या त्यामुळेच, आणि बाकरवडी साहेबांचा सोडा पाणचट लागतो तोही त्यामुळेच, कारण बुडबुड्यांची ती झणझण जिभेला त्याच एन्झाइममुळे कळते. अमिट्रिप्टिलीन १९६१ ची, डिप्रेशनसाठी. पण डिप्रेशनला ७५ ते १५० एमजी लागते आणि मायग्रेनला १०, २५, फार तर ५०-७५. १० एमजी लिहून देणारा डॉक्टर तुम्हाला डिप्रेशन आहे असं म्हणत नाहीये, त्या डोसला डिप्रेशनवर फारसा उपयोगही होत नाही.

आणखी एक, पेनकिलर दुखायच्या आधीच घेता म्हणालात. साधी पेनकिलर महिन्यातले १५ दिवस, किंवा मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान (मायग्रेनचा अटॅक आला की घ्यायच्या गोळ्या) १० दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. तशी सवय लागलेली असेल तर वरच्या दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी गुण कमीच वाटणार. कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा, दुखलं त्याची एक आणि गोळी घेतली त्याची एक. डॉक्टरला हा कागद एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

औषधवाला_दादा:
डॉक्टरसाहेबांनी औषधाचं सांगितलं, मी काउंटरच्या अलीकडचं सांगतो, मेडिकल चालवतो. अमिट्रिप्टिलीन घेताना स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. नुसती अमिट्रिप्टिलीन वेगळी आणि तिच्यासोबत क्लोरडायझेपॉक्साइड घातलेली वेगळी, ती दुसरी सवय लावणाऱ्या जातीतली आहे. नावं जवळजवळ सारखी, आणि कस्टमर येतो आणि म्हणतो "ती झोपेची छोटी गोळी द्या". चिठ्ठीवर जे आहे तेच घ्या, "त्यातलंच दुसऱ्या कंपनीचं देऊ का" म्हणून कोणी दिलं तर घटक ताडून बघा.

दुसरं, घरात लहान मुलगी आहे म्हणालात आणि स्ट्रिप फ्रीजवर आहे म्हणालात. आधी ती तिथून हलवा. अमिट्रिप्टिलीन दिसायला चिमुकली रंगीत गोळी, पोरांना जेम्स वाटते, आणि लहान मुलाने काही गोळ्या गिळल्या तर थेट हृदयावर येतं. कुलपात ठेवा. थट्टा नाही ही.

तिसरं, बरं वाटलं की लोक गोळी एकदम सोडतात आणि मग आमच्याकडे येऊन म्हणतात औषध फसवं निघालं. टोपिरामेट तर एकदम कधीच सोडायची नाही, ज्यांना आयुष्यात फिट आली नाही त्यांना सुद्धा झटक्यात बंद केल्यावर येऊ शकते. चढवली तशीच उतरवायची, डॉक्टरला विचारून.

रानजाई:
बाप रे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. स्ट्रिपा आधी कपाटात वरच्या खणात कुलूप लावून ठेवल्या, दादा. आणि डॉक्टर, तुमची शंका बरोबर निघाली, दोघांनीही विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही, मला वाटलं डोक्याच्या डॉक्टरला ते कशाला. आज फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने निरोप घेतला आणि तासाभरात त्यांचाच फोन आला की टोपिरामेट सुरू करू नका, शनिवारी या.

दोन शंका राहिल्या. समजा अमिट्रिप्टिलीनच ठरली तर किती दिवसांत कळतं की लागू पडली की नाही? आणि मनावर काही परिणाम होतो का, कारण दोन्हीच्या माहितीत आत्महत्येचे विचार वगैरे लिहिलंय, ते वाचून नवरा पण जरा टरकलाय. सासूबाईंचं काय करायचं ते पण सुचवा, हे डॉक्टरी नाही, माहितीये :)

स्टेथो_सांगली:
कळायला किमान सहा ते आठ आठवडे लागतात, तेही पुरेसा डोस झाल्यावर. पहिल्या आठवड्यात फक्त साइड इफेक्ट दिसतात आणि गुण दिसत नाही, लोक तिथेच सोडतात. अटॅक निम्मे झाले तर औषध लागू पडलं म्हणायचं, शून्यावर येण्याची वाट बघू नका.

मनाचं म्हणाल तर इशारा खरा आहे. डिप्रेशनच्या औषधांवर तो २५ वर्षांखालच्या तरुणांसाठी मोठ्या अक्षरात आहे, फिटच्या सगळ्याच औषधांवर २००८ पासून आहे. प्रमाण कमी आहे, पण पहिले काही आठवडे स्वभावात फरक, चिडचिड, विनाकारण रडू, जगण्याचा कंटाळा असं काही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. हे नवऱ्यालाही सांगून ठेवा, कारण बऱ्याचदा फरक आधी घरच्यांना दिसतो. आधी कधी डिप्रेशन येऊन गेलं असेल तर तेही शनिवारी सांगा. वजनासाठी आजच वजन करून लिहून ठेवा आणि दर महिन्याला बघा.

सासूबाईंना सांगा की ही गोळी घेतल्याने फिटचा आजार ठरत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती सुरूही होणार नाहीये. आणि समजा खरंच कोणाला फिट येत असत्या, तरी हिंदू विवाह कायद्यातनं अपस्मार हे लग्न रद्द करायचं कारण १९९९ मधेच काढून टाकलंय. माझ्याकडे दर आठवड्याला एखादी आई मुलीची फिटची फाईल पदराखाली लपवून आणते, म्हणून मला हा विषय निघाला की राहवत नाही.

वऱ्हाडी_ठसका:
सासूबाईंना सांगा "झोपेची आणि डोक्याची गोळी आहे", संपलं. माह्या सासूने तर माही गोळी पाहून स्वतःच्या गुडघ्यासाठी मागितली होती, आता बोला.

कोकणकडा७४:
मधेच घुसतो, सॉरी. माझ्या १३ वर्षांच्या मुलाला मायग्रेन आहे, शाळा बुडते, आम्हाला पण हेच दोन पर्याय सांगितलेत. मुलांमधे कुठली बरी?

स्टेथो_सांगली:
मुलांचं गणित वेगळं आहे. २०१७ मधे ८ ते १७ वयाच्या मुलांवर अमेरिकेत मोठा अभ्यास आला, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि नुसती साखरेची खोटी गोळी असे तीन गट. डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले ते अमिट्रिप्टिलीनला ५२ टक्के मुलांत, टोपिरामेटला ५५ टक्के आणि खोट्या गोळीला ६१ टक्के! अभ्यास मधेच थांबवावा लागला. याचा अर्थ मुलांना काही द्यायचंच नाही असा नाही, पण खोट्या गोळीवर सुद्धा एवढी मुलं सुधारतात तर घाई नको. टोपिरामेटच्या गटात मुंग्या आणि वजन उतरणं जास्त होतं, अमिट्रिप्टिलीनच्या गटात थकवा आणि कोरडं तोंड.

मुलगा सकाळी न खाता शाळेत जातो का, रात्री मोबाईल किती वाजेपर्यंत असतो, पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, हे आधी बघा. आणि उलट्यांसोबत डोकेदुखी पहाटे झोपेतनं उठवत असेल, किंवा चालताना तोल जात असेल, तर मग गोळ्यांची चर्चा बाजूला ठेवून मुलांच्या न्यूरोलॉजिस्टना लगेच दाखवा.

कोकणकडा७४:
पहाटेचं किंवा तोलाचं काही नाही. न खाता जातो हे शंभर टक्के, सहा पन्नासची स्कूल बस असते. उद्यापासून डब्यासोबत हातात पोळीचा रोल देऊन बघतो.